फटकळ दुकानदारी

मालवणी माणसाला दोन गोष्टी जमत नाहीत. एक म्हणजे गोड बोलणं, आणि दुसरी म्हणजे आपल्या वस्तूला आपल्याच तोंडाने चांगलं म्हणणं. बाकी सगळं येतं. नारळ सोलता येतो, होडी हाकता येते, दशावतारात रात्रभर राक्षस होऊन पहाटे त्याच रंगलेल्या तोंडाने चहाला बसता येतं. पण प्रदर्शनात टेबलामागे बसलं की नेमक्या त्या दोनच गोष्टी सकाळपासून रात्रीपर्यंत कराव्या लागतात. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर हाताने केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं तेव्हा बघण्यासारखं टेबलावर थोडं असतं आणि टेबलामागे जास्त.

आमच्या रांगेत सुपं-रोवळ्या विकणारी एक मावशी असते. विणकाम इतकं घट्ट की रोवळीत तांदूळ धुतले तर कणीसुद्धा खाली पडत नाही. एका पर्यटक बाईंनी तिचं सूप उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “टिकेल ना हो?” ह्या प्रश्नाला दुकानदाराने काय म्हणायचं असतं ते लहान पोरालाही ठाऊक आहे. मावशी म्हणाली, “वापरल्यात तर खयचा टिकतला? भिंतीर लावून ठेवल्यात तर टिकतला.” बाईंनी सूप जागेवर ठेवलं. मावशीला त्याची खंत नाही. खोटं बोलून सूप खपवण्यापेक्षा खरं बोलून ते घरी परत नेलेलं तिला चालतं. पलीकडच्या टेबलावर कोकमाचं आगळ होतं. “फार आंबट आहे का?” “मगे काय साकरेचा आसतला?” आगळही राहिलं.

माझ्या टेबलावर करवंटीच्या वस्तू असतात. वाट्या, पळ्या, पणत्या, साबणदाण्या, कानातले, केसांचे चाप. नारळ काय, कोणालाही फोडता येतो, असा एक समज आहे. खाण्यापुरता येतो. वाटीसाठी नारळ बरोबर कमरेत फुटावा लागतो. हातावर नारळ फिरवत कोयत्याच्या बोथट बाजूने गोल ठोकत जायचं, बारीक रेघ पडते, मग शेवटचा एक घाव. तो चुकला की वाटीचं होडकं झालंच. आमच्या घरी नारळ फुटत असताना टीव्ही बंद असतो.

नीट फुटलेल्या नारळाच्याही दोन वाट्या होत नाहीत. एका अर्ध्यावर तीन डोळे, त्यातला एक मऊ, कोंब बाहेर यायची वाट. त्यातून आमटी गळते. म्हणजे एका नारळाची एक वाटी आणि एक माकड. डोळ्यांच्या बाजूला तोंड रंगवून केलेली माकडं पर्यटकांची मुलं हट्टाने घेतात, आणि आईवडील वाट्यांकडे पाठ करून माकडाचे पैसे देतात. वाटीला पुढे कानस, मग काचपेपर, आधी जाडा, मग मधला, मग बारीक. काळा भुसा नाकातोंडात, केसांत, दुपारच्या भातात. शेवटी खोबरेल तेलाचा हात. खायच्या भांड्याला वॉर्निश लावायचं नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्यावर ते विचारतात, “मग ही इतकी चमकते कशी?”

ह्यात खोबऱ्याचं काय होतं हे मात्र कोणी विचारत नाही. ते आम्ही खातो. छोटी ऑर्डर आली की सोलकढी. मोठी आली की सोलकढी, उसळीत वाटप, भाजीवर खोबरं आणि वर नारळाच्या वड्या. मुलगा शाळेतून आला की ताटात बघूनच विचारतो, “आज किती वाट्या झाल्या?” नवऱ्याच्या रक्तात चरबी वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने त्यांना माझ्या व्यवसायाचा सगळा इतिहास सांगितला. डॉक्टरांनी दोन पणत्या घेतल्या आणि त्याला चालायला सांगितलं.

आमच्या गटाला प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडमनी फळ्यावर किंमत काढायचं सूत्र लिहून दिलं होतं. कच्चा माल, मजुरी, वाहतूक, स्टॉलचं भाडं, वर नफा. मी प्रामाणिकपणे आकडे मांडले. काजूच्या कारखान्यात बाईला जो रोज मिळतो तोच स्वतःला धरला, आणि एका वाटीचे तीनशे वीस रुपये आले. फळ्याकडे बघून गटातल्या सगळ्या बायका हसल्या. मग मॅडमही हसल्या. शेवटी वाटी दीडशेला लागली. म्हणजे मी मला अर्ध्याहून कमी पगारावर ठेवून घेतलं, आणि एवढ्या पगारावर दुसरीकडे कोण जाईल म्हणून अजून तिथेच आहे.

दीडशेला गिऱ्हाईक म्हणतं, “करवंटी तर फुकटच असते ना? नारळ खाऊन फेकूनच देता तुम्ही.” मी म्हणते, “काचपेपर खाऊन फेकत नाही.” हे असं बोलायचं नसतं हे मला कळतं. मॅडमनी ह्यावर वेगळा तासच घेतला होता. पण जिभेला प्रशिक्षण देणारं महामंडळ अजून निघालेलं नाही.

आणि ह्या सगळ्या बोलण्याच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर माझी थोरली जाऊ बसलेली असते. वैनी प्रदर्शनाला रोज संध्याकाळी येतात, माझ्या वाटणीचा चहा पितात आणि गिऱ्हाइकाला खरी माहिती देतात. वाटी हातात घेऊन कोणी जरा विचारात पडलं की त्या सांगणारच, “असली करटी आमी न्हाणयेत घालतंव. पाणी कसा कढत येता!” ह्यात दुष्टावा नाही. मालवणात घरोघर न्हाणीच्या चुलीत करवंट्याच जळतात, आणि जळायला त्या उत्तम, हेही खरंच आहे. वैनींच्या डोक्यात करवंटीची एकच किंमत आहे, आणि ती गरम पाण्याच्या बादल्यांमध्ये मोजतात.

एकदा पुण्याकडच्या एका तरुणाने खिशातून फोन काढून मला दाखवला. ऑनलाइन दुकानात करवंटीच्या वाट्या, चारचा संच, माझ्या तीन वाट्यांच्या किमतीत. खाली बारीक अक्षरांत मूळ देश व्हिएतनाम. तिथल्या बेन त्रे भागात माडांची दाटी आमच्याहून मोठी आहे आणि करवंटी घासायला यंत्रं आहेत, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. त्याने वैनींना नीट समजावून सांगितलं. वैनींनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून त्याच्यासमोरच विचारलं, “थंय व्हिएतनामातसून हाडतत ती स्वस्त, आणि हय परसातली म्हाग? तुझा खयतरी चुकता गो.”

पर्यटकांशी तरी निदान व्यवहार होतो. गावच्या माणसाशी तोही होत नाही. गाववाला स्टॉलसमोर उभा राहिला की तोंडातून आपोआप निघतं, “तुमी खयचे?” तो म्हणतो, कट्ट्याचो. कट्ट्याचे म्हणजे कोणाकडचे? मग पेंडूर, मग चौके, मग कोणाची तरी आत्या वायरीला दिलेली, आणि पाचव्या मिनिटाला तो माझ्या मावसनणंदेचा चुलतदीर निघतो. आता ह्याच्याकडून पैसे कसे घ्यायचे? तो तोंडदेखला खिशात हात घालतो, मी तोंडदेखली नको म्हणते. दोघांनाही तोंडदेखलं काय ते नीट कळतं, तरी वाटी जाते ती जातेच. एका वर्षी मी ठरवलं होतं, गाव विचारायचंच नाही. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी वाटी घेतली, दीडशे मोजले, पावती घेतली आणि जाता जाता म्हणाले, “गाव पण इचारूक नाय. शिकली-सवरली म्हणून मिजास इली.” दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विचारायला लागले.

जत्रेत ही भानगड नसते. जत्रेतला विक्रेता बोलत नाही, ओरडतो. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा घ्या. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि एकदा ठरली की मुंबईत चाकरमान्यांच्या रजांचे अर्ज पडतात आणि कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. त्या गर्दीत खाज्याचे ढीग असतात. बेसनाच्या तळलेल्या काड्यांवर गुळाचा आणि आल्याचा पाक. जत्रेला जाऊन खाजं न आणणाऱ्याला घरात कोणी जत्रेला गेला असं धरतच नाहीत. खाजेवाल्याला कोणी विचारत नाही की हे कशापासून बनवलं, टिकेल का, घरी करता येईल का. अर्धा किलो, पैसे, पुढचा. देवगडच्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीला तेच, सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेत तेच. जत्रेत माणूस घ्यायला येतो. प्रदर्शनात तो बघायला येतो, आणि बघून झाल्यावर पार्किंगचे पैसे वसूल झाले असं मानतो.

शिवाय हल्ली वस्तूबरोबर गोष्ट लागते म्हणे. जिल्ह्याच्या ठिकाणी मार्केटिंगवर बोलायला आलेल्या एका सरांनी आम्हाला दोन तास हेच सांगितलं. गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, तिच्यामागची गोष्ट घेतं. तुमची गोष्ट सांगा. मग त्यांनी एकेकीला उभं केलं. काथ्याची पायपुसणी करणारी म्हणाली, “सोडण कुजवतंव, कुटतंव, वळतंव.” सर म्हणाले, आणखी? ती म्हणाली, “वास येता.” सुपंवाली मावशी उभीच राहिली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, करवंटी घरात होती, घासली. सरांनी घड्याळात बघितलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

गोष्ट सांगायची तर सावंतवाडीकरांनी सांगावी. त्यांच्याकडे ती आहेच. चितार आळीत लाकडाची फळं बनतात. आंबा, केळं, सीताफळ असं रंगवतात की लहान मूल आधी चावतं आणि मग रडतं. आणि तिथल्या गंजिफांच्या गोल पत्त्यांमागे तर अख्खं संस्थान उभं आहे. गंजिफाची कला संपत आली होती, जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते, तेव्हा सत्तरच्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ती पुन्हा उभी केली. बडोद्याच्या गायकवाडांची लेक, सावंतवाडीची राणी, आणि ती पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडून रंग कसा लावायचा ते शिकत होती. राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्सचं काम सुरू झालं. दरबारात कारागीर मांडी घालून रंगवतात ते आजही बघता येतं. आता तर गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. ह्यापुढे “करवंटी घरात होती, घासली” कुठे टिकणार?

पण गोष्ट असून होतं काय, तेही मी जवळून बघितलंय. एका प्रदर्शनात माझ्या डाव्या हाताला गंजिफाचं टेबल होतं. मुलगा हुशार, बोलका, आमच्यातला अपवाद. तो सांगायचा, दशावतारी गंजिफाचे एकशेवीस पत्ते, सगळे गोल. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो पहिला उतरतो, दिवेलागणीनंतर मांडला तर कृष्णाचा. गिऱ्हाइकं अगदी मन लावून ऐकायची. मान डोलवायची. मग विचारायची, “ह्याच्यावर रमी खेळता येते का?” आणि मत्स्यावताराचं चित्र असलेलं, चहाचा कप ठेवायचं एक चकतीचं बैठण घेऊन जायची. भगवान विष्णूने प्रलयात वेद वाचवले ते अखेर टेबलावर चहाचा डाग पडू नये म्हणून. मुलगा तीन दिवस तीच माहिती तितक्याच उत्साहाने सांगत होता. चौथ्या दिवशी त्याने नुसती पाटी लावली: “रमी येत नाही.”

पिंगुळीच्या ठाकर कलाकारांचंही तेच. चित्रकथीची चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं करणारा माणूस तो. पद्मश्रीनंतर स्टॉलवर गर्दी वाढते, पण गर्दीला हवा असतो बाहुलीबरोबर फोटो. फोटोला पैसे पडत नाहीत आणि बाहुली जागेवरच राहते.

मालवणच्या बाजारातल्या शंखशिंपल्यांबद्दल मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण उद्या त्याच दुकानांसमोरून मला भाजीला जायचंय. शिंपल्यांचं कासव, शिंपल्यांचा आरसा, शंखावर लाल रंगात “मालवण”. ह्यातले बरेचसे जिन्नस तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून इथे येतात आणि फक्त नाव इथे लागतं. आमच्याकडे शिंपलं आतल्या जिन्नसासाठी आणतात. तिसरे, मुळे, कालवं. खाऊन झालं की शिंपलं उकिरड्यावर. ज्या गावाने स्वतःचा शिंपला फेकून दिला त्याला लांबचा शिंपला विकत घेणारे पर्यटक हे एक कोडंच वाटतं. कासव मात्र खपतं. माझ्या वाटीच्या दुप्पट खपतं. त्याच्यामागे कुठलीच गोष्ट नाही.

उद्घाटनाचा कार्यक्रम सांगायलाच हवा. पत्रिकेवर सकाळी अकरा. आम्ही आठला टेबलं लावतो, नऊला टेबलक्लॉथला टाचण्या मारतो, दहाला समुद्राचा वारा त्या टाचण्या काढतो. पाहुणे एकला येतात. फीत कापतात, दीप लावतात, वाऱ्याने दीप विझतो, पुन्हा लावतात. मग स्टॉलांची पाहणी. पाहुणे प्रत्येक टेबलासमोर थांबून एक वस्तू उचलतात आणि विचारतात, “हे कशापासून बनवलंय?” माझ्या टेबलावर एवढी मोठी पाटी असते, “करवंटीच्या वस्तू”. तरी मी सांगते, करवंटीपासून. “अरे वा! म्हणजे नारळाच्या?” हो, नारळाच्या. फोटो निघतो. पाहुणे वाटी मागच्या माणसाच्या हाती देतात, तो तिच्या मागच्याच्या, आणि वाटी माणसामागून माणूस करत गाडीपर्यंत पोचते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, वाटी हातात धरलेले पाहुणे आणि डावीकडून उजवीकडे अकरा नावं. माझं नाव नसतं. पण वाटी छान आली होती.

संध्याकाळी रंगमंचावर ऑर्केस्ट्रा. त्याचे कर्णे नेमके हस्तकलेच्या रांगेकडे तोंड करून लावतात, खाण्याच्या रांगेकडे नाही, कारण खाणाऱ्यांना त्रास होतो. मग सगळी घासाघीस खुणांनी. दीडशे बोटांनी दाखवायचे तर आधी एक बोट, मग पाच, मग हाताने शून्य. गिऱ्हाईक दोन बोटं दाखवतं. दोनशे देतोय की दोन वाट्या मागतोय की वीस रुपये म्हणतोय? एकदा एक गृहस्थ मला सारखे चार बोटं दाखवत होते. मी आनंदाने चार वाट्या बांधल्या. गाणं थांबल्यावर कळलं, ते चार नंबरचं वड्यांचं दुकान कुठे आहे ते विचारत होते.

गाणं बंद झालं की पैसे मोजणारी डबी बोलते. फोनवरून पैसे आले की ही डबी मोठ्याने आकडा सांगते. पूर्वी कोणाचा धंदा किती झाला हे गल्ल्यातलं गुपित होतं. आता पलीकडचा कुळथाच्या पिठीचा स्टॉल “चारशे ऐंशी रुपये प्राप्त झाले” असं गर्जतो, आणि आपली डबी तासाभराने हळूच म्हणते, “तीस रुपये.” कीचेनचे. सगळी रांग वळून बघते. सहानुभूतीने बघतात ते जास्त लागतं. सुपंवाल्या मावशीने डबी घेतलेलीच नाही. बँकेच्या माणसाला तिने सांगितलं, “माझा कोणी बोंबलूक नको, मी बोंबलतंय.”

रांगेत नवरे असतात, तेही एक वेगळंच खातं आहे. बायका विकतात आणि नवरे मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सुट्टे सांभाळतात. सकाळी सगळे उत्साही. दुपारी जेवणानंतर एकमेकांच्या स्टॉलवर जाऊन राजकारण. संध्याकाळपर्यंत पाच-सहा नवरे एकाच स्टॉलमागे जमतात आणि त्या स्टॉलवर गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण लांबून तिथे भांडण चाललंय असं दिसतं. मालवणीत साधं बोलणंसुद्धा लांबून तसंच दिसतं. माझा नवरा मात्र खपवायला बसतो. त्याची पद्धत एकच: गिऱ्हाइकाने वाटी खाली ठेवली की “नको तर नको” असं इतक्या मनापासून म्हणायचं की त्याने पुन्हा ती उचलू नये.

मुंबईत थंडी पडली अशी बातमी आली की उपनगरांतल्या मैदानांवर मालवणी महोत्सव उभे राहतात. एका वर्षी मीही गेले. तुतारी एक्स्प्रेसने, दोन गोणी घेऊन. टीसीने गोणीवर पाय लावून विचारलं, “काय आहे?” मी म्हटलं, करवंट्या. त्याने माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, तिकीट न बघताच पुढे गेला. पोटापाण्यासाठी मुंबईला करवंटी घेऊन निघालेल्या बाईला आणखी काय विचारायचं, असं त्याला वाटलं असावं.

महोत्सवात मैदानभर कोंबडी-वड्यांचा आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याचा वास, आणि त्या वासाच्या शेवटच्या टोकाला हस्तकला. माझ्या स्टॉलवर दिवसभर माणसं येत होती. सगळ्यांचा एकच प्रश्न: “वडे खय गावतत?” दुसऱ्या दिवशी मी पाटीच लिहिली: “वडे उजवीकडे.” लोक थांबून वाचायचे, उजवीकडे वळायचे. रात्री मात्र कमाल झाली. सोलकढीच्या स्टॉलवरचे कागदी पेले संपले आणि रांग तर मैदानाबाहेर. तिथली बाई धावत आली, सगळ्या वाट्या उचलल्या, “उद्या देतंय गो” म्हणाली आणि गेली. त्या रात्री मुंबईकरांनी माझ्या वाट्यांतून सोलकढी प्याली, वाट्या बरोबर नेल्या आणि प्रत्येक वाटीला पंधरा रुपये दिले. सोलकढीचे.

पण त्यातूनच पुढची ऑर्डर आली. सोलकढी पिऊन वाटी घरी नेलेल्यांत गोव्यातल्या एका हॉटेलचा माणूस होता. त्याने कुठूनतरी माझा नंबर शोधला. दोनशे वाट्या, महिनाभरात. अट एकच: सगळ्या एका मापाच्या. मी सांगितलं, नारळ माप विचारून लागत नाहीत. मग ऐंशी ते शंभर मिलिमीटरवर तडजोड झाली.

दोनशे वाट्या म्हणजे दोनशे नारळ, कारण उरलेली दोनशे माकडं. दोनशे नारळांचं खोबरं माझ्या घराने खाल्लं असतं तर नवऱ्याच्या डॉक्टरांनी मला न्यायालयात खेचलं असतं. मग मी वाडीत घरोघर फिरले. म्हटलं, तुमच्या माडाचा नारळ तुम्ही फोडा, खोबरं तुम्हीच खा, पण फोडताना मधोमध फोडा आणि बिनडोळ्याची करवंटी तेवढी मला ठेवा. फुकट कोणाला जड आहे? लोक हो म्हणाले. पहिला आठवडाभर पोरं पिशव्या घेऊन येत होती. मग पिशव्या थांबल्या. मी चौकशी केली तर कळलं की वाडीत बातमी फुटली आहे. गोव्याचं हॉटेल एका करवंटीला किती देतं, ह्याचे तीन वेगवेगळे आकडे फिरत होते आणि तिन्ही मला मिळणार होते त्याहून मोठे होते. न्हाणीच्या चुली एका रात्रीत लाकडांवर गेल्या.

त्या रविवारी सकाळी वैनी आल्या. पाठीमागे त्यांच्या झिलाच्या डोक्यावर पोतं. आमच्या खळ्यात त्यांनी स्वतः आणलेली धुवट चादर अंथरली आणि तिच्यावर करवंट्या ओळीने मांडायला घेतल्या, मोठी मागे, लहान पुढे. मी प्रदर्शनात मांडते तशा. एक उचलून पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

“धा रुपये एकाक.”

“वैनी, ही तुम्ही न्हाणीत घालता ना?”

“ती येगळी.” त्यांनी माझ्या हातातली करवंटी काढून घेतली आणि काठावरून बोट फिरवलं. “ही बग. एका घावात मधोमध. कड बग कशी इली हा. हाताचा काम आसा गो ह्या, मशीनचा नाय.”

मी आयुष्यात पहिल्यांदा एका मालवणी माणसाला स्वतःच्या मालाची स्तुती करताना ऐकत होते. मी म्हटलं, पाच देते.

वैनींनी करवंट्या एकेक करून पोत्यात परत भरायला सुरुवात केली.

“ऱ्हवांदे मगे. थंयसून मागव, व्हिएतनामातसून.”